माळ्यावरचा स्पेक्ट्रम आणि त्याची भावंडे: वाचकांच्या शंका, आमची उत्तरे

१९८०च्या दशकातल्या घरगुती संगणकांबद्दल प्रश्न पाठवा, असे आवाहन आम्ही मागच्या अंकात केले होते. निम्म्याहून अधिक पत्रे सिंक्लेअरच्या झेडएक्स स्पेक्ट्रमविषयी आली, म्हणून या वेळी जास्त जागा त्यालाच दिली आहे. एक विनंती सर्वांना: यंत्र हाती लागले की लगेच प्लगमध्ये लावू नका. ही यंत्रे वापरून जितकी बिघडली, तितकीच घाईघाईने पहिली वीज दिल्यामुळेही बिघडतात.

प्रश्न (रत्नागिरी): माळा आवरताना वडिलांचा रबरी बटणांचा स्पेक्ट्रम सापडला. अडॅप्टर हरवला आहे. यंत्राला पस्तीसेक वर्षांत वीज लागलेली नाही. घरात राउटरचा नऊ व्होल्टचा अडॅप्टर आहे. तो चालेल का?

उत्तर: तो लावू नका. राउटरच्या अडॅप्टरला बहुधा आतली पिन पॉझिटिव्ह आणि बाहेरचे कडे निगेटिव्ह असते. स्पेक्ट्रमला नेमके उलटे लागते, आत निगेटिव्ह आणि बाहेर पॉझिटिव्ह. उलटी वीज गेली तर रेग्युलेटर (व्होल्टेज नेमके ठेवणारा भाग) आणि मेमरी दोन्ही धोक्यात येतात. मूळ अडॅप्टर ९ व्होल्ट, १.४ अँपिअरचा होता. आज ९ व्होल्ट, २ अँपिअरचा नियंत्रित अडॅप्टर घ्यावा, पिन ५.५ आणि २.१ मिलिमीटरची, आणि ध्रुवता मल्टिमीटरने स्वतः तपासावी. अडॅप्टरवर छापलेल्या चित्रावर विसंबू नका. कुणाकडे मूळ अडॅप्टर असेल आणि मोकळा मोजल्यावर तो १२ किंवा १३ व्होल्ट दाखवत असेल, तर घाबरू नये. तो अनियंत्रित प्रकारचा आहे, भार पडला की व्होल्टेज खाली येते.

आता यंत्र उघडा. खालच्या बाजूला पाच स्क्रू आहेत. ते काढून वरचे झाकण हळूच, एखादा इंचच उचला, कारण कीबोर्डच्या दोन चपट्या पारदर्शक पट्ट्या बोर्डात खोवलेल्या असतात. झटका दिला तर त्या तुटतात. इतक्या वर्षांत प्लास्टिक कडक होऊन त्या ठिसूळ झालेल्या असतात, त्यामुळे त्या सरळ वर ओढून काढा, वाकवू नका. पहिली चाचणी कीबोर्डशिवायच करायची आहे.

या यंत्राचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे खालची १६ केबी मेमरी. तिथे ४११६ जातीच्या आठ चिप आहेत, बोर्डावर आयसी ६ ते आयसी १३ या क्रमांकाच्या. या चिपला एक नव्हे, तीन व्होल्टेज लागतात: पिन १ वर उणे ५, पिन ८ वर अधिक १२, पिन ९ वर अधिक ५. पिन १६ ही ग्राउंड. अधिक ५ व्होल्ट ७८०५ रेग्युलेटर देतो, तर बाकीची दोन व्होल्टेज एक छोटे कॉइल आणि टीआर ४, टीआर ५ हे दोन ट्रान्झिस्टर मिळून तयार करतात. यातला टीआर ४ गेला की उणे ५ व्होल्ट नाहीसे होतात, आणि उणे ५ नसताना चिपला वीज मिळत राहिली तर चिप तापून जळते. म्हणून मल्टिमीटरचा काळा प्रोब ग्राउंडवर आधीच धरून ठेवा, वीज द्या, पिन १ चे माप सर्वांत आधी घ्या. तिथे उणे पाचाच्या आसपास काही दिसले नाही तर लगेच प्लग काढा. यंत्राला चालू-बंदचे बटणच नाही, त्यामुळे प्लग हाताशी असावा. ट्रान्झिस्टर बदलायचे तर दोन्ही बदला, टीआर ४ साठी झेडटीएक्स ६५० आणि टीआर ५ साठी झेडटीएक्स २१३. एक गेलेला असताना दुसऱ्यावर ताण पडलेला असतोच.

हे ट्रान्झिस्टर जाण्याचे नेहमीचे कारण म्हणजे मागच्या उघड्या जोडपट्टीवर जॉयस्टिकचा इंटरफेस वीज चालू असताना लावणे किंवा काढणे. जोड तिरका बसला की शेजारची दोन व्होल्टेज क्षणभर एकमेकांना चिकटतात. तेव्हाची मुले खेळ बदलताना हेच करत.

तिन्ही व्होल्टेज बरोबर असतील तर टीव्ही जोडा. निरोगी स्पेक्ट्रम आधी पडदा काळा करतो, मग पांढरा, आणि तळाला १९८२ सालचा सिंक्लेअर रिसर्चचा कॉपीराइट संदेश येतो. काळा पडदा असतो तेव्हा यंत्र मेमरी तपासत असते. संदेशाऐवजी उभ्या पट्ट्या किंवा रंगीत चौकोन आले आणि तसेच राहिले, तर संशय खालच्या मेमरीवर घ्या.

वरची ३२ केबी मेमरी बिघडली असेल तर मात्र यंत्र काही तक्रार करत नाही. ते निमूट १६ केबीचे यंत्र म्हणून सुरू होते आणि मोठे खेळ लोड होताना कोसळतात. ते ओळखायला कीबोर्ड पुन्हा जोडून ही आज्ञा द्या (पीक म्हणजे मेमरीतल्या एका जागेतला आकडा वाचणे): प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. उत्तर ६५५३५ आले तर ४८ केबी शाबूत आहे, ३२७६७ आले तर वरची मेमरी यंत्राला दिसत नाही. या वरच्या चिपची हकीकत ठाऊक असावी. त्या मुळात ६४ किलोबिटच्या, पण अर्धा भाग सदोष निघाल्यामुळे स्वस्तात मिळालेल्या चिप होत्या. कोणता अर्धा भाग चांगला हे चिपच्या क्रमांकावरून कळते, आणि बोर्डावरची एक छोटी तार त्यानुसार जोडलेली असते. बदली चिप घेताना आठही एकाच अर्ध्याच्या आहेत ना हे पाहा. वेगवेगळ्या मिसळल्या तर यंत्र चालणार नाही.

एका बैठकीत दोन-तीन तास वापरायचा विचार असेल तर ७८०५ च्या जागी त्याच तीन पायांचा स्विचिंग रेग्युलेटर बसवा. ७८०५ उरलेले सगळे व्होल्टेज उष्णता करून सोडतो, आणि कोकणातल्या मे महिन्यात त्या बंद डब्यातली हवा त्यात आणखी भर घालते.

प्रश्न (नाशिक): आमच्या स्पेक्ट्रमची क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी ही पाच अक्षरे अजिबात उमटत नाहीत. बाकी सगळे ठीक. पाचही बटणे एकदम कशी खराब झाली?

उत्तर: बटणे ठीक आहेत, तार तुटली आहे. स्पेक्ट्रमच्या चाळीस बटणांची जाळी आठ गुणिले पाच अशी आहे. दोन पट्ट्यांपैकी एकीत आठ रेघा, दुसरीत पाच. आठवालीतली एक रेघ तडकली की अर्ध्या ओळीतली पाच शेजारची बटणे जातात, हेच तुमच्याकडे झाले आहे. पाचवालीतली रेघ गेली तर आठ बटणे जातात, तीही विखुरलेली, उदाहरणार्थ १, ०, क्यू, पी, ए, एंटर, कॅप्स शिफ्ट आणि स्पेस. लक्षणावरून दोष कुठल्या पट्टीत ते न उघडताच कळते.

तडा अगदी टोकाला, जोडणीच्या तोंडाशी असेल तर कात्रीने चार-पाच मिलिमीटर काटकोनात कापून पट्टी पुन्हा खोवता येते. हे एखाद्या वेळीच जमते, पुढे लांबी पुरत नाही. चांदीच्या रंगाने रेघ जोडण्याचे प्रयोग टिकत नाहीत, वाकल्यावर रंग पुन्हा तडकतो. या यंत्रासाठी नवे मेंब्रेन, म्हणजे बटणांखालचा या पट्ट्यांसकटचा पातळ पडदा, आजही तयार होते, तेच बसवा.

प्रश्न (पुणे): मुलीला गंमत दाखवावी म्हणून यंत्र सुरू केले. ती एल, ओ, ए, डी असे टाइप करते आणि पडद्यावर ‘लेट’ शब्द येऊन पुढे ओ, ए, डी लागतात. यंत्र बिघडले आहे का?

उत्तर: यंत्र उत्तम आहे. स्पेक्ट्रमवर आज्ञा अक्षरे जुळवून लिहायची नसते, एका बटणात पूर्ण शब्द येतो. कर्सरच्या जागी के हे अक्षर लुकलुकत असते तेव्हा एल म्हणजे लेट, पी म्हणजे प्रिंट आणि जे म्हणजे लोड. कॅसेटवरून काही चढवायचे तर: जे दाबा, मग सिम्बॉल शिफ्ट धरून पी दोनदा, म्हणजे दोन अवतरणचिन्हे येतील, मग एंटर. पीक हा शब्द हवा असेल तर कॅप्स शिफ्ट आणि सिम्बॉल शिफ्ट एकत्र दाबून सोडा, कर्सर ई होईल, मग ओ.

अशी रचना करण्याचे कारण काटकसर. प्रत्येक आज्ञा मेमरीत एकाच बाइटमध्ये बसते, आणि टाइप केलेले शब्द ओळखून त्यांचे संकेत करण्याच्या कामाची जागाही १६ केबीच्या रॉममध्ये, म्हणजे कायम कोरलेल्या मेमरीत, वाचते. शिवाय आज्ञेचे स्पेलिंग चुकण्याचा प्रश्नच उरत नाही. मुलीला आठवड्याभरात बोटांना सवय होईल. बटण दाबल्याचा आवाज फार बारीक वाटत असेल तर पोक २३६०९, १०० (मेमरीतल्या त्या जागी १०० लिहा) असे द्या, टकटक ठळक ऐकू येईल.

प्रश्न (चिपळूण): दीडशेच्या आसपास कॅसेट आहेत. बऱ्याचशांवर पांढरी बुरशी आहे. ज्या स्वच्छ दिसतात त्या लावल्या तर ‘आर टेप लोडिंग एरर’ येते. यातले काय वाचवता येईल?

उत्तर: बरेच वाचवता येईल, पण क्रम पाळा. बुरशी लागलेली कॅसेट आधी चांगल्या टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका. एका कॅसेटची बुरशी हेड आणि रबरी चाकामार्फत पुढच्या सगळ्यांना लागते. बुरशीवाल्या आणि स्वच्छ अशा दोन पेट्या करा. बुरशीवाल्या कॅसेट हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत एक-दोन आठवडे ठेवा. उन्हात किंवा गरम हवेत वाळवू नका, टेप आक्रसते आणि तिच्या कडा लाटांसारख्या होतात. वाळल्यावर गच्चीत किंवा अंगणात, तोंडाला एन ९५ मास्क लावून कॅसेट उघडा. कोपऱ्यांत स्क्रू असलेल्या कॅसेट सहज उघडतात. रिळांच्या कडेची बुरशी मऊ कोरड्या ब्रशने झाडा, मग टेप बिनधाग्यांच्या सुती कापडाच्या हलक्या चिमटीतून हाताने एका रिळावरून दुसऱ्यावर घ्या. चिकटवून बंद केलेल्या कॅसेटचे कवच फोडावेच लागते. रिळे काढून एखाद्या स्क्रूवाल्या रिकाम्या कवचात बसवा.

कवच उघडलेच आहे तर हेडसमोर येणारी नमद्याची छोटी गादी पाहा. तिचा गोंद सुकून ती गळून पडलेली असते. गादी नसेल तर टेप हेडला टेकत नाही, आवाज मंद आणि घुसमटलेला येतो, आणि लोकांना वाटते की टेपच गेली.

आता ‘स्वच्छ दिसणाऱ्या’ कॅसेटच्या चुकीकडे वळू. स्पेक्ट्रम टेपवर बिट कसे लिहितो हे कळले की इलाज आपोआप सुचतो. शून्य म्हणजे सुमारे २०४७ हर्ट्झची एक लाट, एक म्हणजे तिच्या दुप्पट लांबीची, सुमारे १०२३ हर्ट्झची. सुरुवातीचा लांब सूर सुमारे ८०७ हर्ट्झचा असतो. म्हणजे सूर सर्वांत खालच्या पट्टीत आणि शून्य सर्वांत वरच्या. हेड मळलेले किंवा तिरके असेल तर आधी वरचे सूर जातात. त्यामुळे सुरुवातीचा सूर व्यवस्थित पकडला जातो आणि माहिती सुरू होताच गाडी अडते.

पडद्याची किनार हे तुमचे निदानाचे साधन आहे. सूर चालू असताना लाल आणि फिकट निळ्या रुंद पट्ट्या दिसतात, माहिती येताना गडद निळ्या आणि पिवळ्या बारीक पट्ट्या. पट्ट्याच नाहीत म्हणजे आवाज पोचत नाही: वायर, प्लग किंवा आवाजाची पातळी बघा. लाल-निळ्या पट्ट्या आहेत पण कार्यक्रमाचे नाव येत नाही, तर हेडचा कोन बघा. नाव आले, निळ्या-पिवळ्या पट्ट्या धावल्या आणि अध्येमध्ये चूक आली, तर टेपवर त्या जागी खरोखर खोट आहे. आणि सर्वांत चीड आणणारा प्रकार म्हणजे सगळे शेवटपर्यंत येऊन मग चूक दाखवणे. प्रत्येक तुकड्याच्या अखेरीस एक पडताळणीचा बाइट असतो, आधीच्या सगळ्या बाइटांवरून काढलेला. मध्ये एकच बिट उलटा वाचला गेला तरी ते यंत्राला इथेच कळते, आणि ४८ केबीचा खेळ असेल तर तोवर चार मिनिटांहून अधिक वेळ गेलेला असतो.

हेड, कॅप्स्टन (टेप ओढणारी धातूची काडी) आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा, काडी स्वच्छ निघेपर्यंत. मग हेडचा कोन. हेडच्या शेजारी स्प्रिंग असलेला एक बारीक स्क्रू असतो, बऱ्याच टेपरेकॉर्डरांच्या झाकणाला त्यासाठी भोकही असते. कॅसेट चालू ठेवून स्पीकरवर आवाज ऐका आणि स्क्रू अगदी थोडा, अष्टमांश फेरा, इकडे-तिकडे फिरवा. आवाज सर्वांत करकरीत, कानाला टोचेल असा लागला की थांबा. ज्याने ती कॅसेट भरली त्याच्या टेपरेकॉर्डरचा कोन निराळा असू शकतो, त्यामुळे घरी भरलेल्या कॅसेटसाठी हे प्रत्येक वेळी करावे लागते. ट्रेबल पूर्ण वर, आवाज पाऊण, डॉल्बी बंद. स्टीरिओ डेकपेक्षा साधा मोनो टेपरेकॉर्डर बरा. स्टीरिओमध्ये कोन चुकला तर दोन वाहिन्या एकत्र करताना वरचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात.

एकदा लोड झाली की कॅसेटवर अवलंबून राहू नका. संगणकावर ऑडॅसिटीसारख्या कार्यक्रमात ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, मोनो डब्ल्यूएव्ही फाइल भरून घ्या. एमपी३ करू नका आणि खरखर काढणारी कोणतीही सोय वापरू नका, ती लाटांच्या कडाच गोल करते. मग फ्यूज-यूटिल्स संचातले ऑडिओटूटेप हे साधन त्या फाइलचे टॅप किंवा टीझेडएक्स (स्पेक्ट्रमच्या कॅसेटसाठीचे फाइलप्रकार) करून देते. उलट दिशेने टेपटूवॅव्ह आहे. त्यातून निघालेली डब्ल्यूएव्ही मोबाइलवर पूर्ण आवाजात वाजवून, इक्वलायझर बंद ठेवून, थेट यंत्राच्या ‘इअर’ खोबणीत देता येते. दीडशे कॅसेट आहेत तर आधी घरी लिहिलेले कार्यक्रम भरून घ्या. बाजारात विकले गेलेले खेळ इतरांनीही जपलेले असतात, घरचे लिखाण फक्त तुमच्याकडे आहे.

आणि नव्याने कॅसेटवर काही साठवणार असाल तर सेव्ह करताना ‘इअर’ची वायर काढा. दोन्ही वायरी लागलेल्या असल्या की काही टेपरेकॉर्डरांत आवाज गोल फिरून परत येतो आणि भरलेले खराब होते. सेव्ह झाल्यावर टेप मागे घेऊन व्हेरिफाय करा, मगच प्लग काढा.

प्रश्न (कोल्हापूर): नव्या एलईडी टीव्हीवर स्पेक्ट्रमचे चित्र येत नाही. जुन्या काळी आमच्या टीव्हीवरही आले नव्हते, काका कुणा ओळखीच्यांकडे नेऊन दाखवत.

उत्तर: जुन्या काळचे कारण सरळ आहे. हे यंत्र यूएचएफ या वरच्या लहरीपट्ट्यातल्या ३६ क्रमांकाच्या वाहिनीवर, सुमारे ५९१ मेगाहर्ट्झवर चित्र पाठवते. त्या वेळी दूरदर्शन व्हीएचएफ या खालच्या पट्ट्यावर दिसे, आणि अनेक टीव्हींना तेवढाच ट्यूनर असे. यूएचएफ असलेला टीव्ही ज्यांच्याकडे, त्यांच्याकडे यंत्र घेऊन जावे लागे.

आता इलाज. आधी टीव्हीच्या मेन्यूत ॲनालॉग वाहिन्यांचा हाती शोध असेल तर ५९१.२५ मेगाहर्ट्झच्या आसपास पाहा. चित्र आले तरी मुंग्या राहतील. चांगला मार्ग म्हणजे मॉड्युलेटर (चित्राला टीव्ही वाहिनीचे रूप देणारा भाग) बाजूला सारून कंपोझिट चित्र थेट बाहेर काढणे. मॉड्युलेटरच्या धातूच्या डबीत बोर्डाकडून दोन तारा जातात, एक ५ व्होल्टची, दुसरी चित्राची. दोन्ही सोडवा. डबीच्या आत बाहेरच्या खोबणीच्या मधल्या पिनेला लागलेला रेझिस्टर सोडवा, आणि बोर्डावरच्या चित्राच्या बिंदूपासून त्या पिनेला १०० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टच्या कपॅसिटरमधून तार द्या, कपॅसिटरची पॉझिटिव्ह बाजू बोर्डाकडे. मग टीव्हीच्या पिवळ्या एव्ही खोबणीत साधी वायर चालते. आवाजाची चिंता नको, तो यंत्रातल्याच स्पीकरवर येतो.

इतके करूनही काही एलईडी टीव्ही ‘सिग्नल नाही’ म्हणतात. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या प्रसारणात दर अर्ध्या चौकटीला ३१२.५ ओळी असतात, स्पेक्ट्रम सरळ ३१२ देतो आणि सेकंदाला ५० ऐवजी ५०.०८ चौकटी. जुन्या काचेच्या टीव्हीला तो फरक जाणवतही नव्हता. हटवादी टीव्हीसाठी, एका चौकटीत सगळ्या ओळी देणारे ५० हर्ट्झचे चित्र स्वीकारणारा एव्ही ते एचडीएमआय बदलक घ्या. अगदी स्वस्त बदलक इथेही अडतात.

प्रश्न (डोंबिवली): स्पेक्ट्रमच्या खेळांत एक पात्र दुसऱ्याजवळ गेले की त्याचा रंग बदलतो. आणि लोड होणारे चित्र वरून खाली सरळ न येता खिडकीच्या पडद्यासारखे पट्ट्यापट्ट्यांनी का भरते?

उत्तर: दोन्हींचे उत्तर मेमरीच्या हिशेबात आहे. पडदा २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचा. दर ठिपक्याला फक्त एक बिट, लागलेला किंवा न लागलेला: ६१४४ बाइट. रंग ठिपक्याला नसून आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या चौकोनाला असतो, असे ३२ गुणिले २४ चौकोन, प्रत्येकी एक बाइट: ७६८ बाइट. एकूण ६९१२. दर ठिपक्याला सोळा रंगांतला एक द्यायचा म्हटले तर २४,५७६ बाइट लागले असते, म्हणजे १६ केबीच्या मूळ यंत्रात मावलेच नसते. मग एका चौकोनात दोनच रंग, शाई आणि कागद. तिसऱ्या रंगाचे पात्र त्या चौकोनात शिरले की सगळा चौकोन त्याच्या रंगात जातो.

करून पाहा: रंगाच्या बाइटची किंमत म्हणजे ८ गुणिले कागद, अधिक शाई, उजळ हवे तर अधिक ६४, लुकलुक हवी तर अधिक १२८. पिवळा ६, लाल २. उजळ पिवळ्यावर लाल म्हणजे ११४. पोक २२५२८, ११४ दिले की डाव्या कोपऱ्यातला पहिला चौकोन रंगतो.

पट्ट्यांचे कारण म्हणजे ठिपक्यांच्या ओळी मेमरीत क्रमाने ठेवलेल्या नाहीत. पडद्याचे ६४ ओळींचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात ओळ शून्यानंतर मेमरीत ओळ आठ येते, मग सोळा, असे छप्पन्नपर्यंत, मग ओळ एक, नऊ, सतरा. दिसायला विचित्र, पण अक्षर छापताना एका ठिपक्याने खाली जायचे तर पत्त्यात बरोबर २५६ मिळवावे लागतात, म्हणजे पत्त्याचा फक्त वरचा बाइट एकने वाढवायचा. झेड ८० प्रोसेसरला याहून झटपट काम नाही. आमच्या मते ही त्या यंत्रातली सर्वांत देखणी काटछाट आहे. टेप लोड करताना मेमरी क्रमाने भरते, म्हणून चित्र त्या क्रमाने उमटते.

प्रश्न (सांगली, शाळा): आमच्या प्रयोगशाळेत बीबीसी मायक्रो आहे. सुरू केल्यावर त्यातून धूर निघतो असे ऐकले. खरे का?

उत्तर: खरे आहे, म्हणून तपासणीशिवाय सुरू करू नका. १९८४ मध्ये सुरू झालेल्या संगणक साक्षरतेच्या क्लास प्रकल्पात ही यंत्रे देशभरच्या शाळांत पोचली, आणि अनेक ठिकाणी ती कपाटातच राहिली. धूर येतो तो पॉवर सप्लायमधल्या, विजेच्या तोंडाशी बसवलेल्या कागदी एक्स २ कपॅसिटरमधून. त्यांचे पारदर्शक पिवळट आवरण वयानुसार बारीक तडकते, दमटपणा आत शिरतो, आणि २३० व्होल्ट मिळाले की काही मिनिटांत तो फुटतो. वास दिवसभर जात नाही, पण यंत्राचे बाकी नुकसान सहसा होत नाही. त्याच मूल्याचे, सहसा ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे, २७५ व्होल्ट एसीचे नवे एक्स २ कपॅसिटर बसवून घ्या. साधे कपॅसिटर तिथे चालत नाहीत. हे काम जाणत्या तंत्रज्ञाकडूनच करा, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्ट राहू शकतात. विद्यार्थ्यांना उघडू देऊ नका.

दुरुस्तीनंतर सुरू करताना आवाज ऐका. आधी खालचा, मग छोटा वरचा सूर आला तर प्रकृती ठीक. खालचा सूर थांबेचना तर प्रोसेसर पुढे सरकलेला नाही. अशा वेळी खोबणीत बसवलेल्या चिप एकेक करून थोड्या उचलून पुन्हा घट्ट दाबा, गंजलेला संपर्क बहुधा तेवढ्याने सुटतो.

प्रश्न (न्यू जर्सी, अमेरिका): माझा कमोडोर ६४ पुण्याला भाच्यासाठी पाठवायचा आहे. मूळ अडॅप्टरसह पाठवू का?

उत्तर: यंत्र पाठवा, अडॅप्टर नको. तो रेझिन ओतून बंद केलेला असतो, उष्णता बाहेर पडत नाही, आणि आतला रेग्युलेटर मरतो तेव्हा व्होल्टेज वाढवून मरतो. ५ ऐवजी ६ किंवा ७ व्होल्ट गेले की मेमरी चिप जातात. जोडण्यापूर्वी सात पिनांच्या प्लगवर पिन ५ आणि पिन २ मध्ये मोजा. ५.२ च्या वर असेल तर तो फेकून द्यावा. मात्र मोकळा असताना बरोबर मोजला गेलेला अडॅप्टर तासाभराने तापून बिघडू शकतो, त्यामुळे जास्त व्होल्टेज आले की वीज तोडणारे नवे अडॅप्टर २३० व्होल्टचे घेणेच शहाणपणाचे. यंत्राला ५ व्होल्ट डीसीबरोबर ९ व्होल्ट एसीही लागतो, केवळ मोबाइलचा चार्जर जोडून भागणार नाही.

पुण्यात दोन फरक दिसतील. चित्र एनटीएससी या अमेरिकेतल्या टीव्ही पद्धतीचे राहील, टीव्ही ते घेतो का बघा. आणि आतले घड्याळ ९ व्होल्ट एसीच्या लाटा मोजून चालते. ६० च्या हिशेबाने लावलेले घड्याळ ५० हर्ट्झवर तासाला दहा मिनिटे मागे पडेल. बेसिकमधली वेळ निराळ्या टायमरवर चालते, ती बरोबर राहील. सुरू केल्यावर ३८९११ बेसिक बाइट मोकळे, असा संदेश यायला हवा.

थोडक्यात

कार्यक्रम लिहून यंत्र जाळता येते, हे खरे का? (अकोला) जवळजवळ नेहमी खोटे, पण पेट या कमोडोरच्याच दुसऱ्या संगणकावर खरे होते. पोक ५९४५८, ६२ ही आज्ञा जुन्या पेटवर छपाई वेगवान करी, म्हणून लोक ती कार्यक्रमांत घालत. पुढच्या पेटमध्ये पडद्याची यंत्रणा बदलली आणि तीच आज्ञा तिथे मॉनिटरला इजा करू शकते. जुन्या पेटचे कार्यक्रम नव्यावर चालवण्याआधी यादीत ही ओळ शोधा.

झेडएक्स ८१ वर (स्पेक्ट्रमच्या आधीचा सिंक्लेअरचा संगणक) ०.२५ चे वर्गमूळ १.३५९१४०९ आले. (बेळगाव) तुमच्या यंत्रात सुरुवातीचा रॉम आहे, त्यातली ही प्रसिद्ध चूक. उत्तर ०.५ यायला हवे. रॉम बदलू नका, अशी यंत्रे थोडी उरली आहेत. गणित करताना एवढे लक्षात ठेवा.

त्याच यंत्राला जादा मेमरीची १६ केबीची डबी लावली की टाइप करताना सगळे पुसले जाते. (पणजी) डबी जोडपट्टीवर डुलते आणि संपर्क क्षणभर सुटतो. प्लग काढा, पट्टीच्या दोन्ही बाजू अल्कोहोलने पुसा, डबी सरळ बसवा, आणि तिच्या खाली कडक पुठ्ठ्याचा तुकडा सारून ती यंत्राच्या पातळीला आणा. दुहेरी चिकटपट्टीने यंत्र आणि डबी दोन्ही एकाच लाकडी फळीवर पक्की केली की कीबोर्ड दाबला तरी डबी हलत नाही. पणजीच्या हवेत पट्टी दर पावसाळ्यानंतर पुन्हा पुसावी लागेल.